जात्यावरची ओवी आणि विरेचनाची उपपत्ती

जात्यावरच्या ओवीने स्त्रीचे दुःख हलके होते, हे विधान लोकसाहित्याच्या चर्चेत इतके रूढ झाले आहे की त्याची परीक्षा करण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. अलीकडे तर मानसोपचाराची परिभाषा उसनी घेऊन ओवीला सरळ ‘उपचार’ म्हणण्याकडे कल दिसतो.

या मतामागे विरेचनाची कल्पना आहे. ॲरिस्टॉटलच्या ‘कॅथार्सिस’चा वैद्यकीय अर्थ बेर्नाइस याने 1857 मध्ये आग्रहाने मांडला, पुढे ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी 1895 मध्ये आपल्या उपचारपद्धतीस तेच नाव दिले. दुःख आत साचते, वाट मिळताच वाहून जाते, आणि रोगी मोकळा होतो, असे या उपपत्तीचे स्थूल रूप आहे. परंतु वाहून गेलेले दुःख दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा जात्याशी येऊन कसे बसते? तोच भाऊ, तेच माहेर, तोच सासुरवास, आणि ओवी जन्मभर चालू. विरेचनाने याचा उलगडा होत नाही.

बारामती तालुक्यातील कन्हेरी काय किंवा इंदापूर तालुक्यातील निमगाव केतकी काय, ज्वारी-बाजरीच्या या मुलखात गिरणी येण्यापूर्वी रोजचे दळण जात्यावरच होई. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत पुणे जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. एवढी सामग्री एकत्र पाहिली की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. ओवीतील दुःख बहुधा ठराविक शब्दांत, ठराविक संबोधनांनी येते. ते नेमके कोणाचे, हे संहितेवरून सांगता येत नाही. काही अभ्यासकांना हा साचेबंदपणा उणीव वाटेल. वस्तुतः ओवीचे सारे बळ त्यातच आहे. ज्या सुनेला सासूसमोर अवाक्षर काढता येत नव्हते, तिला ओवीतून सासुरवास गाता येई, कारण ती ओवी तिची एकटीची नव्हती. संस्कृत साहित्यशास्त्रातील साधारणीकरण येथे रसिकाच्या आस्वादासाठी नव्हे, तर गाणारीच्या संरक्षणासाठी घडते.

पेनेबेकर आणि बील यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे. आघाताविषयी सलग चार दिवस लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना लिहिल्यावर लगेच अधिकच अस्वस्थ वाटले; पुढील महिन्यांत मात्र त्यांचे दवाखान्यात जाणे इतरांच्या मानाने कमी झाले. निव्वळ निचऱ्याने हे घडले नसावे. अनुभवाची कार्यकारणयुक्त कथा जुळविण्याशी लाभाचा संबंध असल्याचे पेनेबेकर यांच्या नंतरच्या संशोधनात दिसले. पण ओवी कथा जुळवीत नाही. प्रत्येक ओवी सुटी, आपल्यापुरती पूर्ण. तेव्हा ही नवी उपपत्तीही ओवीला जशीच्या तशी लावता येणार नाही.

‘उपचार’ या शब्दावरचा अधिक गंभीर आक्षेप वेगळाच आहे. जाते ओढताना खांदे भरून येत, कंबर धरे, तळहातांना घट्टे पडत. लक्ष आणि भावना यांनी वेदनेची तीव्रता बदलते, याची शारीरिक मीमांसा मेल्झॅक आणि वॉल यांच्या 1965 च्या सिद्धान्ताने शक्य केली. ओवीच्या लयीने श्रम सुसह्य होत असतील, हे त्यावरून पटते. परंतु ज्या दगडाने अंग दुखविले त्याच्याच काठी सापडलेल्या विसाव्यास चिकित्सा म्हटले, तर त्या दगडाची बाजू घेतल्यासारखे होते. गिरणी आली तेव्हा बायकांनी जाते सोडले, आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही. अभ्यासकांनी ओवीच्या लोपाबद्दल हळहळताना हे सहसा नोंदविलेले नसते.

मग त्या पहाटेच्या घटकेत खरोखर काय घडत होते? खुंट्याला दोघींचे हात असत. एकीने म्हटलेली ओळ दुसरी उचलीत असे. सांगितलेले कोणी तरी ऐकले, आणि आपल्या तोंडाने पुन्हा म्हटले, एवढे त्या गाण्यात निश्चित होते. छापील संग्रहांत ओवी दोन-तीन ओळींत संपते. ही ओळ उचलणारा दुसरा आवाज तेथे उतरत नाही.