बिशप ग्रोसटेस्ट यांचा नकार

लिंकनचे बिशप रॉबर्ट ग्रोसटेस्ट (१२३५–१२५३) यांना धर्मसुधारणेचे अग्रदूत ठरविण्याचा मोह काही चरित्रलेखकांना आवरला नाही. त्यांचा मुख्य आधार म्हणजे १२५३ सालचे पत्र. पोप इनोसंट चौथे यांच्या एका आप्तास लिंकनच्या कॅथीड्रलमध्ये वेतनाचे पद द्यावे, ही आज्ञा बिशपांनी त्यात नाकारली. परंतु पत्र नीट वाचले असता हा निष्कर्ष टिकत नाही. पोपचा अधिकार त्यांना मान्यच आहे. तो उभारणीसाठी आहे, नाशासाठी नव्हे, या पौलाच्या शिकवणीवर त्यांचा युक्तिवाद उभा आहे. मेंढरांना मेंढपाळाविना ठेवणारी आज्ञा त्या अधिकारातून निघूच शकत नाही; म्हणून आज्ञाधारक पुत्र या नात्यानेच ते नकार देतात. आपणां पाळकांनी त्यांच्याकडून हा विवेक शिकावा, बंडखोरी नव्हे.