घाट कोणाचा, माल कोणाचा

सोशल मीडिया कंपनीने स्वतःचा स्मार्टफोन प्लॅटफॉर्म उभा करावा का? हा विषय घेऊन तुम्ही संशोधन आराखडा लिहायला बसलात, तर पहिल्या तासाभरातच एक उत्तर हाती येईल. फेसबुकने २०१३ मध्ये करून पाहिलं, फसलं, सबब करू नये. उत्तर चूक असेलच असं नाही. पण त्याखालचा पुरावा कच्चा आहे, आणि पेटनंतरच्या मुलाखतीत समितीतल्या कुणी जरा खोदून विचारलं, तर तुम्ही तिथेच अडकाल. म्हणून आज या युक्तिवादाची नीट उलटतपासणी करू.

आधी घटना. ४ एप्रिल २०१३ ला फेसबुकने ‘फेसबुक होम’ जाहीर केलं आणि ते आधीच बसवलेला एचटीसीचा ‘फर्स्ट’ हा फोन बाजारात आला. अमेरिकेत एटी अँड टीकडे दोन वर्षांच्या करारावर त्याची किंमत ९९.९९ डॉलर होती. महिनाभरात ती ९९ सेंटवर आली. युरोपातली विक्री कधी सुरूच झाली नाही.

आता सांगा, यात नेमकं काय फसलं? ‘होम’ ही अँड्रॉइडवर चढवलेली खोळ होती. खालची ऑपरेटिंग सिस्टिम गूगलची, ॲपचं दुकान गूगलचं, फोन तैवानच्या कंपनीचा. फेसबुकचा होता तो फक्त दर्शनी पडदा. अभ्रा आवडला नाही म्हणून उशी टाकाऊ, असं आपण घरी म्हणत नाही. प्रबंधातही म्हणू नये. ‘प्लॅटफॉर्म’ या एका शब्दात यंत्र, ऑपरेटिंग सिस्टिम, ॲपचं दुकान आणि दर्शनी पडदा असे चार थर लपलेले असतात. तुमचा प्रश्न यांपैकी कुठल्या थराबद्दल आहे, हे पहिल्या पानावरच लिहा. नाहीतर पुरावा एका थराचा आणि निष्कर्ष दुसऱ्या थराचा, असा घोळ होतो.

कंपनीला प्लॅटफॉर्म हवा का असतो, हे समजायला जुन्नरकरांना सिलिकॉन व्हॅलीत जायची गरज नाही. नाणेघाट आहे. कोकणातल्या बंदरांवरून माल चढायचा तो याच वाटेने, आणि घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकात गोळा करण्यासाठी होता असं सांगतात. गुहेतल्या सातवाहन शिलालेखावरून या वाटेचं राजकीय वजनही कळतं. माल व्यापाऱ्याचा, पण वाट ज्याच्या ताब्यात तो अटी घालणार. फेसबुक हा असा व्यापारी आहे. त्याचा सगळा माल ॲपल आणि गूगल यांच्या दोन घाटांतून चढतो. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने नियम केला, की ॲपला ग्राहकाचा इतरत्र माग काढायचा असेल तर आधी त्याची परवानगी घ्यावी. एवढ्या एका नियमामुळे २०२२ सालात सुमारे १० अब्ज डॉलरचा फटका बसेल, असा अंदाज मेटाने स्वतःच दिला. तेव्हा स्वतःचा घाट असावा ही इच्छा वेडगळ नाही. ‘गर्विष्ठ कंपनीची हौस’ असं लिहून मोकळे होऊ नका. पुढे त्यांनी डोक्यावर घालायच्या उपकरणांसाठी स्वतःची प्रणाली केलीच. फोन सोडला, घाट नाही सोडला.

दुसरी गोष्ट. जे फसलं ते कल्पना वाईट म्हणून फसलं, की वाट आधीच अडवलेली होती म्हणून? अँड्रॉइडचा मूळ कोड खुला आहे, कुणीही घ्यावा आणि बदलावा. पण गूगलची ॲप्स आणि प्ले स्टोअर हवं असेल, तर फोन बनवणाऱ्याला असा बदललेला अवतार विकणार नाही, असा करार करावा लागे. भारताच्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, त्यात हेही कलम होतं. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवला, काही निर्देश मात्र रद्द केले. शर्यतीत एकाचे पाय बांधलेले असतील, तर तो हरला यावरून त्याच्या वेगाबद्दल काही सिद्ध होत नाही. ॲमेझॉनने २०१४ मध्ये बदललेल्या अँड्रॉइडवर फायर फोन काढला आणि १७ कोटी डॉलरचं नुकसान हिशेबात दाखवलं. त्याची कथा वाचताना हे पाय बांधणं लक्षात ठेवा.

खरं तर या विषयावर भारतात एचटीसी फर्स्टपेक्षा कितीतरी चांगलं उदाहरण आहे, आणि मला आश्चर्य वाटतं की विद्यार्थी ते उचलत नाहीत. हाइक. आपल्याकडची मेसेजिंग कंपनी. जानेवारी २०१८ मध्ये तिने ‘टोटल’ आणलं. इंटेक्स आणि कार्बनच्या स्वस्त फोनसाठी अँड्रॉइडमध्ये बदल करून केलेली ही प्रणाली होती. डेटा पॅक नसला तरी संदेश, बातम्या, रिचार्ज, पैसे पाठवणं चालावं, यासाठी शिल्लक तपासायला आपण जो तारा-हॅश कोड दाबतो त्याच जातीचं यूएसएसडी तंत्र वापरलं होतं. इथे निदान एक खरा माणूस समोर होता, ज्याच्या फोनमध्ये इंटरनेट नाही. ‘होम’समोर असा माणूस नव्हता, तिथे फक्त जाहिरातदार होता. तरीही ‘टोटल’ रुजलं नाही, आणि जानेवारी २०२१ मध्ये हाइकचं मेसेंजरही बंद झालं. माझ्या मते कारण काळाचं आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि ‘डेटाशिवाय चालतं’ ही खुबीच विकायची राहिली नाही. हा माझा तर्क आहे. तो तपासायचा तर २०१६ आधी आणि नंतर किती लोक डेटाशिवाय फोन वापरत होते, हे तालुक्याच्या पातळीवर बघावं लागेल. घ्या कुणीतरी.

आता ज्यामुळे मूळ प्रश्नच उलटा होतो, त्या मुद्द्याकडे येतो. जुलै २०१७ मध्ये जिओफोन जाहीर झाला. १५०० रुपये परत मिळणारी अनामत, आणि आत फायरफॉक्स ओएसच्या वंशातलं कायओएस. म्हणजे गूगल-ॲपलच्या बाहेरचा तिसरा घाट, तोही लाखो भारतीयांच्या खिशात. पण सुरुवातीला त्यावर व्हॉट्सॲप नव्हतं. ते सप्टेंबर २०१८ मध्ये आलं, आणि मगच तो फोन अनेकांच्या लेखी ‘पुरा’ झाला. पुढे २०२४ मध्ये कायओएसवर व्हॉट्सॲप नव्याने घेणं बंद झालं. नीट बघा, इथे कोण कुणावर अवलंबून आहे? घाट बांधणारा वाट बघत बसला आणि व्यापारी म्हणाला, येतो, जातो.

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात, मंचरच्या मार्केट यार्डात बाजारभाव फिरतात ते व्हॉट्सॲपवर. बिबट्या दिसल्याची खबरही तिथेच, आणि तीन वर्षांपूर्वीचा, भलत्याच जिल्ह्यातला बिबट्याचा व्हिडिओही तिथेच. या लोकांसाठी प्लॅटफॉर्म म्हणजे अँड्रॉइड नव्हे, व्हॉट्सॲप. तेव्हा ‘कंपनीने प्लॅटफॉर्म उभा करावा का’ हा प्रश्न जुन्नर-आंबेगावात विचारला तर उत्तर मिळेल, तो उभा आहेच की!

मग स्वतःचा फोन काढल्याने वेगळं काय होईल? होईल. ‘होम’मध्ये कुलूप लावलेल्या पडद्यावरच मित्रांच्या पोस्ट आणि फोटो सरकत राहायचे. तो जुना बिबट्याचा व्हिडिओ ग्रुप उघडल्यावर दिसणं वेगळं आणि फोन हातात घेताच दिसणं वेगळं. दुसरं, वाट आणि माल एकाच मालकाचे झाले की काय होतं, हे महाराष्ट्राने थोडक्यात पाहिलंय. फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकची मोफत सेवा, जिला पुढे फ्री बेसिक्स म्हटलं गेलं, रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर भारतात सुरू झाली तेव्हा पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता, आणि भाषांत मराठीही. निवडक संकेतस्थळं फुकट, बाकी पैसे मोजून. निवड कुणी करायची? कंपनीने. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने भेदभाव करणाऱ्या डेटा दरांवर बंदी घातली आणि ते थांबलं. एप्रिल २०२० मध्ये त्याच फेसबुकने जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ४३,५७४ कोटी रुपये घालून ९.९९ टक्के हिस्सा घेतला. घाट बांधायचा एक मार्ग बंद झाला की दुसऱ्या मार्गाने भागीदारी, असं मी याचं वाचन करतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात कमी लिहिली जाते. घाटवाल्याला कर्तव्यं असतात. ३० जुलै २०१४ ला आंबेगावातल्या माळीणवर डोंगर कोसळला, तेव्हा गाव दिसत नाही ही खबर बाहेर नेली ती एसटीच्या चालकाने. २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने देशभर धोक्याच्या इशाऱ्याची चाचणी घेतली, एकदम कर्कश वाजलेला तो संदेश तुम्हालाही आठवत असेल. तो इशारा ॲप दाखवत नाही, ऑपरेटिंग सिस्टिम दाखवते. सुरक्षेच्या दुरुस्त्या वर्षानुवर्षं पाठवणं, तातडीचा कॉल लागणं, मराठी अक्षरं नीट उमटणं, हे सगळं त्याच थरावर. सेवा चालली नाही म्हणून २०२१ मध्ये हाइकचं ॲप बंद झालं, तर लोक दुसऱ्या ॲपवर गेले. फोनची सिस्टिम अशी सोडून दिली, तर डिंभ्याच्या वरच्या अंगाला हिरडा विकून फोन घेतलेल्या माणसाने कुठे जायचं? माझं उत्तर ‘उभा करू नये’ असंच आहे, पण ते या कारणासाठी. ९९ सेंटसाठी नाही. अर्थात गूगलही घाटवाला आणि व्यापारी दोन्ही आहे, हा आक्षेप तुमच्यावर येणार. तो खरा आहे. त्याने माझा मुद्दा पातळ होत नाही, गूगललाही लागू होतो.

क्षेत्रकार्य करणार असाल, तर नमुन्याबद्दल एक सांगतो. फक्त नारायणगावच्या यार्डात उभे राहिलात तर तुम्हाला कुकडीच्या पाण्यावरचे, स्मार्टफोनवाले पुरुष शेतकरी मिळतील आणि तुम्ही लिहाल ‘जुन्नर-आंबेगाव’. घोडेगावच्या वरची आदिवासी गावं त्यात नसतील. बायकाही नसतील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरतात असा मोबाईल होता. एका फोनवर चार माणसं असतील तर ‘वापरकर्ता’ कोण, हे प्रश्नावली छापायच्या आधी ठरवा.

आणि ‘तुम्हाला अमुक कंपनीचा फोन आवडेल का’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. सौदे आटोपल्यावर, माणूस चहा घेत असताना विचारा, ‘दादा, उद्या व्हॉट्सॲप आठवडाभर बंद पडलं तर भाव कुणाला विचाराल?’ मग तेच वाक्य घोडेगावच्या एसटी स्टँडवर एखाद्या ताईंना विचारा. दोन्ही उत्तरं त्यांच्याच शब्दांत, जशीच्या तशी वहीत उतरवून घ्या.