आंतरजोडणी शुल्काचे नियमन : एक चिकित्सा

एका कंपनीच्या ग्राहकाने केलेला कॉल दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकापर्यंत पोहोचतो, तेव्हा पहिलीने दुसरीस द्यावयाचा मोबदला म्हणजे आंतरजोडणी वापर शुल्क होय. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ही पद्धती १ मे २००३ पासून अमलात आणली आणि मोबाईलवर येणारा कॉल निःशुल्क झाला. या दोन घटनांचा परस्परसंबंध पुढील चर्चेत बहुधा दुर्लक्षित राहिला.

२००४ मध्ये मिनिटाला ३० पैसे असलेला दर २००९ मध्ये २०, २०१५ मध्ये १४ व ऑक्टोबर २०१७ मध्ये ६ पैसे झाला. १ जानेवारी २०२० रोजी तो शून्य व्हावयाचा होता; प्रत्यक्षात ते वर्षभर लांबले. नव्या तंत्रज्ञानामुळे खर्च नगण्य होईल आणि येणारे-जाणारे कॉल समसमान झाल्यावर देणेघेणे आपोआप फिटेल, असा प्राधिकरणाचा युक्तिवाद होता. तो तर्कशुद्ध आहे. समतोल मात्र गृहीत धरलेला आहे. महाग दराचा ग्राहक मिस्ड कॉल देऊन थांबतो व स्वस्त दराचा ग्राहक उलट कॉल करतो, हे भारतीय वास्तव त्यात बसत नाही. २०१९ मध्ये तर फोनची घंटा किती सेकंद वाजावी यावरून कंपन्यांत वाद झाला आणि मोबाईलसाठी ३० सेकंदांचा नियम करावा लागला!

खर्चाचे तत्त्वही सर्वत्र सारखे लावलेले दिसत नाही. परदेशातून येणाऱ्या कॉलसाठी २०२० मध्ये ३५ ते ६५ पैशांची मर्यादा ठरविण्यात आली. वस्तुतः देशातील अखेरच्या टप्प्यावर दोन्ही कॉल सारख्याच यंत्रणेतून जातात.

खरा प्रश्न कॉल घेणाऱ्याचा आहे. मुंबईतील मुलाच्या फोनची वाट पाहणारी गावातील आई स्वतः क्वचितच कॉल करते. ३० पैशांच्या काळात तिचे प्रत्येक मिनिट तिच्या कंपनीस उत्पन्न देत होते. ६ पैशांच्या काळात ती भार ठरू लागली. २०१८ च्या अखेरीस एअरटेल व व्होडाफोन आयडिया यांनी सेवा चालू ठेवण्यासाठी ३५ रुपयांपासूनचे किमान रिचार्ज आणले. यास दरयुद्धही कारणीभूत होते, हे मान्य करावे लागेल. तथापि शुल्ककपातीचा हा परिणाम अनपेक्षित म्हणता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये प्राधिकरणाने केवळ कॉल व एसएमएससाठी स्वतंत्र व्हाऊचर बंधनकारक केले. त्याची किंमत ठरविणे मात्र कंपन्यांकडेच राहिले.