११२२ : ‘चांगला’ आकडा, चुकीचा नकाशा
लांज्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी मे महिन्यात कातळावरच्या वाड्यांत बायका हंडे घेऊन फिरतात. आता २०११ ची जनगणना बघा. रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया! हवामान-असुरक्षिततेच्या निर्देशांकात लिंग-गुणोत्तर घेतलं, की जिल्हा एकदम ‘सुरक्षित’ वाटायला लागतो. पण ०-६ वयोगटात मुलींची संख्या मुलांपेक्षा कमीच आहे. म्हणजे हा आकडा स्त्रियांची सुस्थिती सांगत नाही, मुंबईला गेलेले चाकरमानी सांगतो. मागे शेती आणि पाणी बाईच्या अंगावर; सातबारा मात्र बहुतेकदा पुरुषाच्या नावावर. म्हणून निर्देशक निवडताना आधी विचारा, हा आकडा असा का आला? पाणी कोण भरतं, जमीन कोणाची, हे प्रश्नावलीत नसेल तर नकाशा रंगवायची घाई करू नका.