भिंतीवरचं शेण, कॅन्व्हासवरचं शेण

वारली चित्र विकत घेताना आपण हमखास विचारतो, 'रंग नैसर्गिक आहेत ना?' आज मला या प्रश्नावरच थोडी टीका करायची आहे.

डहाणू-तलासरीकडच्या वारली घरातलं लग्नाचं चित्र घ्या. कुडाची भिंत, तिच्यावर शेणामातीचं सारवण, वर गेरू. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूची काडी टोकाशी चावून तिची कुंचली करायची आणि सवाशिणींनी चौक लिहायचा. मधोमध पालघट देवी. आता बघा, हे पीठ ओलं असताना पुसट दिसतं, वाळल्यावर पांढरं उमटतं. म्हणजे रेघ ओढताना ती डोळ्यांना पुरती दिसत नाही, हाताला ठाऊक असावी लागते. साहित्य असं कामात उतरतं. आणि पुढचं सारवण आलं, की चित्र गेलं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी तिथे कागद घेऊन गेले. बायकांच्या विधीतलं चित्र भिंतीवरून उतरलं. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे, ज्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, ते पुरुष असून रोज चित्रं काढू लागले. त्यांच्या चित्रांखाली अनेकदा लिहिलेलं असतं: कॅन्व्हासवर ॲक्रिलिक आणि शेण. शुद्धतावाल्यांना ही भेसळ वाटते. मला नाही वाटत. ॲक्रिलिक लगेच दिसतं, टिकतं. म्हणून तर त्यांचं मासेमारीचं जाळं इतकं बारीक विणलं गेलं. साहित्य बदललं आणि रेघेनं त्याचा फायदा उठवला.

मग माझी तक्रार कुठे आहे? 2003 साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फला म्हसे आणि रिचर्ड लाँग यांचं एकत्र प्रदर्शन झालं. लाँग एव्हन नदीचा चिखल हातांनी गॅलरीच्या भिंतीवर थापतात. प्रदर्शन संपलं की अशी कामं बहुधा पुसली जातात. त्याला आपण 'संकल्पना' म्हणतो. सवाशिणीचा चौक सारवणाखाली गेला, की त्याला आपण 'प्रथा' म्हणतो! चिखलवाल्याचं नाव पाठ, पीठवालीचं नाव कुणी विचारलंही नाही.

तेव्हा रंग नैसर्गिक आहे का, हे जरूर विचारा. पण आधी विचारा, हे काढलं कुणी, कुणासाठी, आणि किती दिवस टिकावं म्हणून? समीक्षा तिथून सुरू होते. नाहीतर आपण नुसतं शेण तपासत बसू.

थांबतो. आता तुमचे प्रश्न.