रुपेरी चेहऱ्यांचा प्रकाश

जुन्या हॉलिवूडच्या कृष्णधवल प्रेमपटांविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते, त्यात दोन शब्द हमखास येतात. एक 'झगमगाट' आणि दुसरा 'भडक'. पहिला शब्द कौतुकाचा भासला तरी त्यात नापसंती दडलेली असते: दिसायला सुंदर, आतून पोकळ. दुसरा तर उघडच दूषण आहे. 'मेलोड्रामा' ही संज्ञा मराठी समीक्षेने जवळजवळ शिवीसारखी वापरली. आम्हांला हे दोन्ही निर्णय घाईचे वाटतात. कथेला जे सांगता येत नव्हते, किंवा जे सांगण्याची तिला मुभाच नव्हती, ते सांगण्याचे काम या चित्रपटांत प्रकाशाकडे सोपवलेले होते, असे आमचे म्हणणे आहे. आणि हे एकदा मान्य केले, की त्या प्रकाशाला त्याच्या लपवाछपवीबद्दल जाब विचारण्याचा अधिकारही आपल्याला मिळतो.

आधी त्या बदनाम शब्दाविषयी थोडेसे. 'मेलोड्रामा'मधील 'मेलोस' हा ग्रीक शब्द, अर्थ गीत. म्हणजे शब्दशः भाषांतर करायचे तर ते होईल 'संगीत नाटक'! ज्या समाजाने किर्लोस्कर-देवलांच्या नाटकांसाठी रात्री जागवल्या, त्याला हा प्रकार परका वाटण्याचे कारण नाही. दुःखाच्या ऐन क्षणी पात्र गाऊ लागले तर आपल्याला त्यात काही वावगे वाटत नाही. भावना संवादाच्या मापात मावेनाशी झाली की सूर लागायचा, हे आपण गृहीत धरलेले असते. हॉलिवूडच्या या प्रेमपटांत सुराची ती जागा बऱ्याच अंशी प्रकाशाने घेतली. पार्श्वसंगीत असतेच, आणि मॅक्स स्टायनरसारखे संगीतकार ते सढळ हाताने देत. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

हा प्रकाश सिद्ध कसा झाला, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत सर्रास वापरली जाणारी फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी होती. रंगवलेले ओठ तिच्यावर काळेठिक्कर उमटत आणि निळे डोळे पांढुरके. पुढच्या दशकात सर्व रंगांना प्रतिसाद देणारी पँक्रोमॅटिक फिल्म रूढ झाली आणि काळ्या-पांढऱ्याच्या मधला करड्या छटांचा प्रदेश छायाचित्रकारांना खुला झाला. त्यातच बोलपट आला. गुणगुणणारे कार्बन-आर्क दिवे ध्वनिमुद्रणाला अडचणीचे ठरू लागले, त्यामुळे तारेच्या दिव्यांचा वापर वाढला. समोरून एक मुख्य दिवा, सावल्या सौम्य करणारा दुसरा, आणि पाठीमागून केसांना रुपेरी कड देणारा तिसरा, ही मांडणी स्टुडिओंत रुळलेलीच होती. तिच्यात भर पडली भिंगापुढच्या तलम जाळीदार कापडाची आणि डोळ्यांत एक ठिपका चमकावा म्हणून ठेवलेल्या चिमुकल्या दिव्याची. ग्रेटा गार्बोच्या बहुतेक मेट्रो चित्रपटांचे छायाचित्रण विल्यम डॅनियल्स यांनी केले. तो चेहरा त्यांच्या हातात वर्षानुवर्षे होता, एखाद्या वादकाच्या हातात एकच वाद्य असावे तसा. 'रुपेरी पडदा' हा आपल्याकडचा शब्द अलंकारिक वाटतो, परंतु तो अक्षरशः खरा आहे. फिल्मवरच्या थरात चांदीचे क्षार असत, आणि ज्या पडद्यावर चित्र पडे त्यालाही पुष्कळदा रुपेरी मुलामा दिलेला असे.

या तंत्राला एका निर्बंधाची जोड मिळाली. 1930 साली तयार झालेली आणि 1934 पासून काटेकोरपणे अमलात आलेली हॉलिवूडची आचारसंहिता शृंगारावर कडक नजर ठेवी. चुंबन किती उत्कट असावे इथपासून पतित स्त्रीचे अखेर काय व्हावे इथपर्यंत सगळ्यावर तिचा अंकुश होता. लेखकाची लेखणी जिथे अडली तिथे दिवे लावणाऱ्यांना वाव मिळाला.

'वॉटर्लू ब्रिज' (1940) हे याचे आम्हांला सर्वांत जवळचे वाटणारे उदाहरण. दिग्दर्शक मर्व्हिन लरॉय, छायाचित्रकार जोसेफ रटेनबर्ग. पहिल्या महायुद्धातील लंडन. बॅले नर्तकी मायरा आणि सेनाधिकारी रॉय यांची पुलावर गाठ पडते. त्याच रात्री ते एका मेणबत्त्यांच्या प्रकाशातील नृत्यगृहात जातात. निरोपाचे नृत्य सुरू होते. एकेका वादकाचे काम संपत जाते, तसतशी तो आपल्या पुढ्यातील मेणबत्ती विझवतो. दालन हळूहळू काळोखात बुडते. संवाद नाहीत. विवियन ली आणि रॉबर्ट टेलर यांचे चेहरे क्षणभर उजळतात, क्षणभर छायेत जातात, आणि शेवटी उरलेल्या अंधुक प्रकाशात ते एकमेकांच्या ओठांजवळ येतात. आचारसंहितेला आक्षेप घेता यावा असे इथे काहीच नाही. मात्र पाहणाऱ्याला दोन गोष्टी एकाच वेळी कळलेल्या असतात: या दोघांचे आयुष्य बदलले आहे, आणि त्यांच्या वाट्याचा उजेड मोजका आहे. पुढची सगळी कथा या एका प्रसंगात आधीच घडून गेलेली आहे.

पुढे रॉय मारला गेल्याची बातमी वर्तमानपत्रात येते. मायरा उपासमारीने खचते आणि पोटासाठी शरीरविक्रयाकडे वळते. हा शब्द चित्रपट एकदाही उच्चारत नाही, उच्चारणे शक्यही नव्हते. आपल्याला दिसतो फक्त रात्रीच्या पुलावर उभ्या असलेल्या लीचा चेहरा. पडद्याबाहेरून एका अनोळखी पुरुषाचा आवाज येतो, आणि त्या चेहऱ्यावर एक ठरवून आणलेले हसू उमटते. बस, एवढेच. त्यानंतर रेल्वे स्थानकावर सैनिकांच्या लोंढ्यात ती गिऱ्हाईक शोधत असताना जिवंत रॉय समोर येतो. शेवट पुन्हा त्याच पुलावर आहे. सैन्याच्या मालमोटारींची रांग येते आहे आणि त्यांच्या दिव्यांचे झोत तिच्या चेहऱ्यावरून एकामागून एक सरकताहेत. मेणबत्तीच्या कोवळ्या उजेडात ज्या चेहऱ्यावर प्रेम उमलले, त्याच चेहऱ्याला हे दिवे आरोपीसारखे उभे करतात. कथेत पतितेला मरावे लागते. आचारसंहितेचा हिशेब पुरा होतो. परंतु रटेनबर्गच्या प्रकाशाने ती शिक्षा मान्य केलेली नाही असे आम्हांला वाटते. त्या शेवटच्या दृश्यांत मायरा जितकी उजळ आहे, तितकी ती नृत्यगृहातही नव्हती. संहिता तिला दोषी ठरवत असताना प्रकाश तिची बाजू घेतो. या विसंवादातच 'वॉटर्लू ब्रिज'चे मोठेपण आहे.

काही जण म्हणतील, ही सगळी कारागिरीच तर आहे; भिंगापुढे जाळी धरली की कोणीही देवता दिसते. हा आक्षेप खुद्द एका चित्रपटाने फार सुंदर रीतीने पचवला आहे. श्टेफान झ्वाइगच्या दीर्घकथेवरून माक्स ऑफ्युल्सने 1948 साली 'लेटर फ्रॉम ॲन अननोन वुमन' केला. छायाचित्रण फ्रान्झ प्लॅनरचे. व्हिएन्नातील एक मुलगी शेजारच्या पियानोवादकावर जन्मभर प्रेम करते आणि त्याला ती कोण हे धड आठवतही नाही. त्यांच्या एकमेव सुखाच्या रात्री दोघे हिवाळ्यात ओस पडलेल्या प्राटर उद्यानात जातात आणि एका खोट्या आगगाडीच्या डब्यात बसतात. खिडकीबाहेरून व्हेनिस जाते, मग स्वित्झर्लंड. ही दृश्ये रंगवलेल्या कापडाची आहेत. मागे एक वृद्ध गृहस्थ पायटे मारून ते कापड फिरवतो, आणि कॅमेरा त्याला आपल्यापासून मुळीच लपवत नाही. देश संपले की प्रियकर उतरून पुन्हा पैसे देऊन येतो. डब्यातल्या जोन फाँटेनच्या चेहऱ्यावरचा आनंद मात्र त्या कापडाइतका खोटा नाही. सोंग उघडे पाडूनही भावना शाबूत ठेवणे, हे धाडस त्या काळच्या किती 'वास्तववादी' चित्रपटांना जमले असते? याच चित्रपटात जिन्याच्या वरच्या वळणावरून घेतलेले एक दृश्य दोनदा येते. आधी लिझा त्या जागी लपून पाहते, तो दुसऱ्या कुणा स्त्रीला घेऊन वर येताना. वर्षांनंतर त्याच कोनातून कॅमेरा पाहतो, आणि या वेळी त्याच्याबरोबर वर येणारी स्त्री लिझा स्वतः असते. वरच्या जागी आता कोणी नाही, आपणच आहोत. ती त्या अनेक स्त्रियांपैकी एक झाली हे एका शब्दाविना कळते.

'नाऊ, व्हॉयेजर' (1942) चे नाव घेतले की लोकांना पॉल हेन्रीडने एकदम पेटवलेल्या दोन सिगारेटी आठवतात. आम्हांला त्याहून मोलाचे वाटते ते बेटी डेव्हिसचे दोनदा झालेले आगमन. पहिल्या वेळी आपल्याला दिसतात तिचे काम करणारे हात आणि मग जिन्यावरून उतरणारे जाडजूड बूट. चेहरा उशिरा येतो, चष्मा आणि दाट भुवयांसह, आईच्या धाकाने विझलेला. दुसऱ्यांदा ती बोटीवर प्रकट होते. कॅमेरा पुन्हा पायांपासून सुरू होऊन वर चढतो आणि रुंद काठाच्या टोपीच्या सावलीत एक नवीनच स्त्री उभी असते. ऑरी-केलीची वेषभूषा आणि सोल पोलितोचा प्रकाश यांनी चेहरा घडवता येतो, हे चित्रपट इतके स्पष्ट सांगतो, की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. घडवताना काय पुसले जाते?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या फार जवळ आहे. मर्ल ओबेरॉन ही 1911 साली मुंबईत, अँग्लो-इंडियन घरात जन्मली. बालपण मुंबई-कलकत्त्यात गेले. हॉलिवूडने मात्र जगाला सांगितले, की ती टास्मानियाची गोरी मुलगी आहे. आणि हे कथानक तिने 1979 मध्ये मृत्यू येईपर्यंत सोडले नाही. 1983 साली प्रसिद्ध झालेल्या चरित्राने खरी हकीकत सर्वांपुढे आणली. 'द डार्क एंजल' (1935) या अशाच एका प्रेमपटासाठी तिला ऑस्करचे नामांकन मिळाले होते, तेव्हा आशियाई मुळांची एक स्त्री त्या यादीत आहे याचा कुणाला पत्ताही नव्हता. हे लपवणे म्हणजे निव्वळ हौस नव्हती. गोऱ्या आणि काळ्या वंशांतील प्रणयसंबंध दाखवायला आचारसंहितेची बंदी होती, आणि तिची छाया आशियाई कलावंतांवरही पडे. अ‍ॅना मे वाँग 'शांघाय एक्स्प्रेस' (1932) मध्ये मार्लेन डिट्रिचबरोबर एकाच डब्यात बसते. ली गार्म्सचा प्रकाश तिच्या बाबतीत मुळीच कंजूष नाही. मात्र प्रेमकथा डिट्रिचची आहे. 'द गुड अर्थ' (1937) मधील चिनी शेतकरी स्त्रीची भूमिका जर्मनीत जन्मलेल्या लुइझ रायनरला मिळाली, आणि त्या भूमिकेचे ऑस्करही.

1937 साली लंडनमध्ये मोटार अपघातात ओबेरॉनच्या चेहऱ्यावर व्रण राहिले. पुढे छायाचित्रकार लुसियन बॅलर्डने कॅमेऱ्याच्या भिंगालगत बसवायचा एक छोटा दिवा तिच्यासाठी सिद्ध केला. समोरून थेट पडणारा हा प्रकाश व्रणांच्या सावल्याच नाहीशा करी. 1945 मध्ये दोघांचा विवाह झाला. त्या दिव्याला तिच्या नावावरून 'ओबी' म्हणू लागले आणि छायाचित्रकारांच्या बोलीत तो शब्द टिकून राहिला. व्रण झाकणारा दिवा आणि जन्मस्थान झाकणारी प्रसिद्धी, दोन्ही एकाच चेहऱ्यावर काम करत होती.

हे ठाऊक असताना 'वदरिंग हाइट्स' (1939) पुन्हा पाहावा. ग्रेग टोलंडला या छायाचित्रणासाठी कृष्णधवल विभागातील ऑस्कर मिळाले, आणि ते यथायोग्यच होते. कथेत हीथक्लिफ हा सावळा, कुळाचा ठावठिकाणा नसलेला, 'जिप्सी' म्हणून हिणवला गेलेला मुलगा. कॅथी ही प्रतिष्ठित गोऱ्या घराण्यातील. पडद्यावर हीथक्लिफ आहे इंग्रज लॉरेन्स ऑलिव्हिए, आणि कॅथी आहे मुंबईची मर्ल ओबेरॉन. प्रतिष्ठेसाठी स्वतःच्या अर्ध्या जिवाला नाकारणाऱ्या कॅथीची भूमिका जिच्या वाट्याला आली, तिला त्या नाकारण्याची किंमत अभिनयशाळेत शिकावी लागली नसावी, असा तर्क आम्ही करतो. तो तर्कच आहे.

शेवटी हीथक्लिफ मरणासन्न कॅथीला उचलून खिडकीशी नेतो, तिला तिचा माळ दिसावा म्हणून. खिडकीतून आलेला उजेड तिच्या कपाळावर आणि गालावर पसरतो आणि ती त्याच्या हातांत प्राण सोडते. या दृश्यात एकही व्रण दिसत नाही, मुंबई दिसत नाही, कलकत्ता दिसत नाही. तरीही आम्ही ते दृश्य आजवर डोळे कोरडे ठेवून पाहू शकलेलो नाही. टोलंडच्या प्रकाशाला आम्ही खोटा म्हणायला तयार नाही, आणि निर्दोष म्हणायलाही नाही. ओबेरॉनच्या डोळ्यांत तो चिमुकला ठिपका शेवटपर्यंत चमकत असतो. मग पापण्या मिटतात.