'मी आले' : बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका आणि मराठी क्रियापद

बालगंधर्वांविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्यात त्यांच्या गळ्याचे, लुगड्यांचे, दागिन्यांचे आणि चालण्याबोलण्यातील डौलाचे वर्णन विपुल आढळते. त्या मानाने त्यांच्या तोंडी जी भाषा नाटककारांनी घातली, तिच्या रूपाकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे. वास्तविक पुरुषाने स्त्रीची भूमिका करणे ही गोष्ट सर्व भाषांत सारखी नसते. इंग्रजी रंगभूमीवर शेक्सपिअरच्या काळी मुलगे नायिका होत. त्या मुलांना 'मी आले' आणि 'मी आलो' यांतून निवड करावी लागत नसे, कारण त्या भाषेचे क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग सांगत नाही. कानडीतही प्रथमपुरुषी क्रियापद लिंगनिरपेक्ष असते. मराठी नटाला ही सवलत नाही. 'मी जाते', 'मी एकटी आहे', 'मी विसरले' असे प्रत्येक वाक्यागणिक त्याला स्वतःविषयी उच्चारावे लागते. साडी एकदा नेसली की प्रयोगभर पुरते. प्रत्यय मात्र पुन्हा पुन्हा नेसावा लागतो.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. १८९८ मध्ये पुण्यात लोकमान्य टिळकांनी या मुलाचे गाणे ऐकून त्याला 'बालगंधर्व' म्हटले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. भास्करबुवा बखले यांची गायनाची तालीम आणि शाहू छत्रपतींचा आश्रय यांचाही उल्लेख सर्व चरित्रकार करतात. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि मिरजेस शकुंतलेच्या भूमिकेत प्रेक्षकांपुढे उभे राहिले. वय अवघे सतरा. मंडळीला अशा नटाची निकड होती. बडोद्याहून आलेल्या भाऊराव कोल्हटकरांनी जी स्त्रीभूमिकेची परंपरा घालून दिली होती, ती त्यांच्या १९०१ मधील अकाली निधनाने खंडित झाली होती. भाऊराव स्वतः हयातीतच पुरुषभूमिकांकडे वळले होते, ही बाब येथे लक्षात ठेवण्यासारखी आहे.

या सतरा वर्षांच्या नटाच्या तोंडी शकुंतलेची जी भाषा आली, ती अण्णासाहेब किर्लोस्करांची, म्हणजे १८८० सालची. मूळ संस्कृत नाटकात शकुंतला संस्कृत बोलत नाही. गद्यात ती शौरसेनी प्राकृत बोलते. तेथे स्त्रीत्वाचा आणि दर्जाचा निर्देश भाषेच्या निवडीनेच होतो. दुष्यंताची भाषा एक, शकुंतलेची दुसरी. मराठी रूपांतरात दोघेही मराठीच बोलू लागले आणि तो भेद नाहीसा झाला. त्याचे काम मग प्रत्ययांवर येऊन पडले. संस्कृतमधील 'गच्छामि' लिंग सांगत नाही. मराठीतील 'जाते' सांगते, कारण मराठीचा वर्तमानकाळ धातुसाधित विशेषणापासून घडला आहे आणि विशेषणाचे लिंग त्याने टाकलेले नाही. भविष्यकाळातील 'जाईन' हे जुन्या आख्यातरूपाचे वंशज असल्याने तेथे हा प्रश्न उद्भवत नाही. सकर्मक भूतकाळातही, 'मी पत्र लिहिले' या वाक्यात, क्रियापद पत्राशी जुळते, लिहिणाऱ्याशी नव्हे. 'मला वाटते', 'मला आवडते' ही वाक्येही मोकळी आहेत.

याचा अर्थ असा की मराठी नायिका सर्वकाळ सारख्या प्रमाणात स्त्री नसते. ती संकल्प सोडते, एखाद्या वस्तूविषयी बोलते किंवा भावना व्यक्त करते तेव्हा तिचे वाक्य लिंगाच्या बाबतीत मूक असते. येते, जाते, बसते, थकते, भिते, तेव्हा मात्र ते मुखर होते. म्हणजे देहाच्या हालचालींशी निगडित अशा क्रियापदांतच लिंगाचा उच्चार अटळ ठरतो. नटाच्या देहाकडे प्रेक्षकाचे लक्ष जावे आणि नेमके त्याच क्षणी भाषेने 'हा देह स्त्रीचा आहे' असे सांगावे, ही सोय मराठी व्याकरणाने स्त्रीपार्टी नटाला आपण होऊन करून दिली आहे. (या 'पार्टी' शब्दाचा समूहाशी संबंध नाही. इंग्रजी 'पार्ट'ला मराठी 'ई' लागून तो झाला आहे. जसा 'राजापार्टी', तसाच 'स्त्रीपार्टी'.)

हीच गोष्ट तमाशातील गवळणीच्या 'मावशी'शी ताडून पाहण्याजोगी आहे. तेथेही पुरुषच लुगडे नेसतो, आणि तोही 'मी आले गं बाई' असेच म्हणतो. पण तेथे आवाज, मिशीची जागा, चालण्यातील ठसका हे सारे पुरुषाचे आहे हे कोणीही लपवीत नाही. प्रत्यय एक सांगतो आणि देह दुसरे, आणि त्या फटीतून हसू उत्पन्न होते. बालगंधर्वांची सारी साधना ही फट बुजविण्याची होती. गंमत अशी की ती त्यांनी आवाज बारीक करून बुजविली नाही. त्यांच्या ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध आहेत. त्या ऐकणाऱ्याला बायकी नक्कल ऐकू येत नाही, एका पुरुषाचा मोकळा, सुरेल, स्वाभाविक गळा ऐकू येतो. साडी दिसत नाही, शालू दिसत नाही, नथ दिसत नाही. उरतो तो स्वर आणि पदातील स्त्रीलिंगी रूपे. तरीही ऐकणाऱ्याच्या मनापुढे रुक्मिणी किंवा भामिनीच उभी राहते. वेषभूषेला सर्व श्रेय देणाऱ्या समीक्षकांनी याचा विचार करावयास हवा.

मराठीच्या प्रथमपुरुषी स्त्रीलिंगी रूपाचे आणखी एक वैशिष्ट्य येथे नोंदवणे अस्थानी होणार नाही. 'ती आली', पण 'मी आले'. हे 'आले' रूप एकवचनी नपुंसकलिंगाचे आहे, आणि आदरार्थी पुल्लिंगी अनेकवचनाचेही. थिएटरच्या दाराशी 'नारायणराव आले' म्हणून कुजबुज होई आणि थोड्या वेळाने रंगमंचावर शकुंतला 'मी आले' म्हणे. क्रियापदाचे रूप तेच. व्याकरणाने आदर आणि स्त्रीत्व यांना एकाच प्रत्ययात बसविले आहे, हा योगायोग खरा. परंतु ज्या नटाला प्रेक्षक एकाच वेळी 'राव' आणि 'नायिका' समजत होते, त्याच्या बाबतीत तो डोळ्यांआड करता येत नाही.

१२ मार्च १९११ रोजी कृ. प्र. खाडिलकरांच्या 'मानापमान'चा पहिला प्रयोग मुंबईत झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली, आणि तरीही त्यांनी भामिनीची भूमिका केली. या प्रसंगाचे वर्णन नेहमी कर्तव्यनिष्ठेच्या अंगाने केले जाते, व ते यथायोग्यही आहे. परंतु तेवीस वर्षांच्याही आतला एक बाप त्या रात्री प्रेक्षकांपुढे अविवाहित, श्रीमंत, मानी मुलीच्या क्रियापदांत बोलत होता, हे त्या वर्णनांत सहसा येत नाही. शिवाय भामिनी ही साधी नायिका नाही. धैर्यधराची पारख करण्यासाठी ती वनमालेचे सोंग घेते. म्हणजे पुरुष भामिनी होतो आणि भामिनी पुन्हा वनमाला होते. दोन्ही वेळी प्रत्यय स्त्रीलिंगीच राहतो. बदलतो तो दर्जा. खाडिलकरांच्या नायिकेचा खरा वेषांतराचा प्रश्न लिंगाचा नसून श्रीमंती-गरिबीचा आहे, आणि प्रेक्षकांनी तो तसाच स्वीकारला. लिंगाच्या वेषांतराकडे पाहण्याचे त्यांनी केव्हाच सोडून दिले होते.

१९१३ मध्ये गणेश गोविंद बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. पुढील सात-आठ वर्षांत 'संशयकल्लोळ'मधील रेवती, 'स्वयंवर'मधील रुक्मिणी, 'एकच प्याला'मधील सिंधू आणि 'द्रौपदी' या भूमिका झाल्या. यांपैकी सिंधू भाषेच्या दृष्टीने सर्वांत कठीण होय. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले आणि 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग २० फेब्रुवारीस बडोद्यास झाला. लेखकाला सिंधू पाहता आली नाही. ती राजकन्या नाही, ऋषिकन्या नाही. ती वकिलाची बायको आहे. पांढरपेशा घरातील पत्नीला त्या काळी नवऱ्याचे नाव घेता येत नसे, 'तुम्ही' म्हणणेही अवघड जाई. 'इकडून येणे झाले', 'इकडची स्वारी' अशा वळणाने ती बोले. या रचनेत नवऱ्याचे पुल्लिंग नपुंसक भावरूपात बुडून जाते. स्वतःचे लिंग पदोपदी सांगायचे आणि समोरच्या पुरुषाचे लपवायचे, असे हे कुलीन स्त्रीचे व्याकरण होते, आणि ते एका पुरुषाने रंगमंचावर इतक्या सहजतेने बोलून दाखविले की घरोघरच्या स्त्रियांना ते आपल्यापेक्षा शुद्ध वाटले असल्यास नवल नाही.

येथेच बालगंधर्वांच्या गौरवात नेहमी येणाऱ्या एका विधानाची तपासणी करणे प्राप्त आहे. स्त्रियांनी त्यांच्याकडून नेसणे, केसांत फुले माळणे, अदब शिकावी, असे ते म्हणत असत, असे सांगितले जाते. आणि त्यांच्या साड्यांचे, दागिन्यांचे अनुकरण झाले हे खरेच आहे. परंतु कोणत्या स्त्रीची ही प्रतिमा? मिरजेत, जेथे ते शकुंतला म्हणून प्रथम उभे राहिले, आणि ज्या कोल्हापूर-सांगली भागाशी त्यांचा संबंध आला, तेथील पुष्कळशा बायका आणि मुली आजही स्वतःविषयी 'मी आलो', 'मी जातो' असेच बोलतात. त्यांच्या बोलीत हे रूप पुरुषी नाही. ते फक्त प्रथमपुरुषी आहे. म्हणजे त्या मिरजेच्या रात्री रंगमंचावरील पुरुष 'मी आले' म्हणत होता आणि त्याच गावातील पुष्कळ स्त्रिया घरी 'मी आलो' म्हणत होत्या. स्त्रीत्वाचे जे लक्षण रंगभूमीने निश्चित केले, ते पुण्याच्या शिष्ट वर्गाच्या भाषेचे लक्षण होते. बालगंधर्वांनी स्त्रीचे अनुकरण केले असे म्हणण्यापेक्षा त्यांनी एका बोलीचे अनुकरण केले आणि तिला 'स्त्री' हे नाव मिळाले, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. त्यांच्या कलेचे मोल यामुळे उणावत नाही. 'आदर्श मराठी स्त्री' या शब्दप्रयोगाचे मात्र निश्चितच उणावते.

८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झाले. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. दोघेही जवळजवळ एका वयाचे. केशवराव १८९० चे. केशवरावांची बालपणीची कीर्ती देवलांच्या शारदेच्या भूमिकेवर उभी होती. म्हणजे त्या रात्री रंगमंचावर दोन माजी-आजी नायिका उभ्या होत्या. एकाने क्रियापद बदलले होते, दुसऱ्याने नाही. केशवराव त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला गेले. भाऊराव आणि केशवराव या दोघांनीही तारुण्य ओसरण्याआधी पुल्लिंगाकडे परतण्याची वाट शोधली होती. बालगंधर्वांना ती मानवली नाही. १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटात ते एकनाथ झाले, पण १९३७ मध्ये पडद्यावर पुन्हा मीराबाईच. देह जाड झाला, वय वाढले, प्रत्यय मात्र सतरा वर्षांच्या वयातलाच राहिला. ज्या फटीतून मावशीच्या बाबतीत हसू येते, ती उत्तरकाळी त्यांच्याही बाबतीत उघडू लागली असणार. जुन्या प्रेक्षकांच्या निष्ठेने ती झाकली, असेच म्हणावे लागते.

दरम्यान १९२९ मध्ये हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाटक मंडळी काढली. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतरने ब्यर्नसनच्या नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी लिहिलेले 'आंधळ्यांची शाळा' सादर केले, आणि त्यात ज्योत्स्ना भोळे व पद्मा वर्तक यांनी भूमिका केल्या. स्त्रीचे 'मी आले' स्त्रीच्या तोंडून ऐकताना त्यात विशेष काही उरले नाही. ते साधे क्रियापद झाले. काही प्रेक्षकांना या नव्या नायिका बालगंधर्वांपेक्षा कमी स्त्रीसुलभ वाटल्या असतील, तर त्याचे कारण त्यांच्या अभिनयात शोधण्यापूर्वी ते या प्रेक्षकांच्या कानात शोधावयास हवे. अठ्ठावीस वर्षे तो कान एका पुरुषाच्या तोंडचे 'आले' ऐकून घडला होता.